गाडी मिसिंग मारू लागली तर : आधी दोष शोधावा, मग पार्ट बदलावा

आपल्यापैकी पुष्कळ व्यापारी आणि कारागीर बंधूंचा धंदा आज एका लहान गाडीवर चालतो. भिवंडीहून कापडाचे तागे आणायचे असोत, मालेगावहून साड्यांच्या गाठी न्यायच्या असोत किंवा आठवडी बाजारात माल मांडायचा असो, गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाचा बाजार बुडतो. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते आणि ठरलेली वसुलीही लांबते. म्हणून गाडीच्या दुखण्याची थोडी माहिती दुकानदारालाही असणे जरूर आहे.

मारुती व्हॅन १९८४ साली बाजारात आली. पुढे तिलाच ओम्नी म्हणू लागले. २०१९ साली तिचे उत्पादन बंद झाले, तरी लहान गावांतून ती अजून माल वाहताना दिसते. २०१० साली ईको आली, आणि व्यापाऱ्यांनी ती सीएनजीवर मोठ्या प्रमाणात घेतली. या आणि अशाच इतर पेट्रोल-सीएनजी गाड्यांत वारंवार येणारी तक्रार म्हणजे इंजिनाचे ‘मिसिंग’. या तक्रारीवर जेवढा पैसा दुरुस्तीत जातो, त्याहून अधिक पैसा अंदाजाने पार्ट बदलण्यात जातो. तो कसा वाचवावा, हे या लेखात क्रमाने पाहू.

मिसिंग म्हणजे नेमके काय?

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये चार कामे एकामागून एक होतात. हवा आणि इंधनाचे मिश्रण आत घेणे, ते दाबणे, ठिणगीने पेटवणे आणि जळलेला धूर बाहेर टाकणे. ही चार कामे पूर्ण होईपर्यंत इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, दोन फेरे घेतो. अर्थात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो.

याचा हिशेब करून पाहावा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एक सिलिंडर मिनिटाला १५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा पेटतो. यातली काही पेटणी चुकली की त्याला मिसिंग म्हणतात. तीन सिलिंडरच्या ओम्नीत एक सिलिंडर बंद पडला तर ताकदीचा तिसरा हिस्सा जातो, चार सिलिंडरच्या गाडीत चौथा हिस्सा जातो. शिवाय बंद पडलेला सिलिंडर नुसता बसून राहत नाही, बाकीच्यांना त्याचा पिस्टन ओढत न्यावा लागतो. मागावर ताण्यातला एक धागा तुटला तरी माग चालतो, पण कापड खराब निघते. इंजिनाचेही तसेच आहे. ते बंद पडत नाही, म्हणूनच माणूस दुर्लक्ष करतो.

सिलिंडर नीट पेटण्यासाठी तीनच गोष्टी लागतात : वेळेवर जोरदार ठिणगी, योग्य प्रमाणात इंधन आणि हवा, आणि पुरेसा दाब. मिसिंगचे कोणतेही कारण या तीनपैकी एका खात्यात जमा होते. चौथे खाते नाही. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवली तर अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

गॅरेजमध्ये जाण्याआधी काय लिहून ठेवावे?

‘उस्ताद, गाडी झटके देते, बघा’ एवढेच सांगून चावी टाकू नये. डॉक्टरकडे गेल्यावर ताप केव्हा चढतो हे सांगावे लागते, तसेच येथेही आहे. पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत.

१) सकाळी थंड इंजिनावर मिसिंग होते की गरम झाल्यावर? गरम झाल्यावरच होत असेल तर कॉइलवर किंवा टॅपेटच्या गाळ्यावर संशय घ्यावा.

२) गाडी उभी असताना, स्लोवर, इंजिन हलते आणि रेस दिली की सुरळीत होते का? असे असेल तर कुठून तरी फालतू हवा आत शिरत असण्याचा संभव जास्त.

३) कसारा घाटासारख्या चढावर, माल भरलेला असताना झटके बसतात का? भार पडला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. कमजोर प्लग, वायर किंवा कॉइल सपाट रस्त्यावर निभावून नेते आणि चढावर उघडी पडते. पेट्रोल कमी पोचत असेल तरीही चढावरच कळते.

४) पावसात किंवा गाडी धुतल्यानंतर सुरू झाले का? मग ओलावा.

५) सीएनजीवर होते, पेट्रोलवर होते की दोन्हींवर? या प्रश्नाचे मोल सर्वांत मोठे आहे, त्याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

६) नुकतेच काय काम झाले? सर्व्हिसिंगनंतर लगेच तक्रार सुरू झाली असेल तर ज्या जागी हात लागला तीच जागा आधी पाहावी. प्लगच्या वायरी उलटसुलट लागणे, एखादा नळीचा जोड सुटा राहणे हे नेहमी घडते. ओम्नीच्या तीन सिलिंडरची पेटण्याची क्रमवारी १-३-२ आणि चार सिलिंडरच्या ईकोची १-३-४-२ आहे. ज्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर आहे तेथे वायरी याच क्रमाने लागल्या पाहिजेत.

आणखी एक खुलासा. गाडी हलते म्हणजे मिसिंगच, असे नाही. इंजिनाखालचे रबरी माउंटिंग तुटले तरी गाडी थरथरते. सायलेन्सरच्या तोंडाशी थोड्या अंतरावर एक कागद धरून पाहावा. धुराचा झोत सारखा येत असेल आणि आवाजात खंड नसेल तर माउंटिंग तपासावे. मध्येच ‘फट्’ होऊन ठोका चुकत असेल तर ते मिसिंग.

तशीच चालवत राहिल्यास काय होते?

‘बाजार होऊ द्या, पुढच्या आठवड्यात पाहू,’ असे आपण सहज म्हणतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत एवढ्याने फक्त पेट्रोल जास्त जात असे. आता तसे नाही. भारतात १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि पुढे तो सर्वत्र आला. सायलेन्सरच्या नळीत बसवलेली ही एक बारीक जाळी असते. ती विषारी धूर कमी करते. न पेटलेले पेट्रोल सिलिंडरमधून निघून या जाळीत जाऊन जळते. त्या उष्णतेने जाळी वितळते आणि धुराची वाट बंद होते. मग गाडी ओढतच नाही. एका प्लगच्या किमतीचे काम अनेक पटींनी महाग होते ते असे.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली उतरते आणि ऑइल पातळ करते. त्याने रिंग आणि बेअरिंग झिजतात.

डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर पेटला तर लवकर तपासणी करावी. तो उघडझाप करू लागला तर मिसिंग इतके आहे की जाळी त्याच क्षणी तापत आहे. तेव्हा रेस कमी करून गाडी बाजूला घ्यावी आणि माल दुसऱ्या गाडीने पाठवावा. एका खेपेचे भाडे वाचवण्यासाठी कन्व्हर्टर घालवणे हा तोट्याचा सौदा आहे.

पहिली पायरी : कोणता सिलिंडर?

दोष शोधताना पहिला प्रश्न ‘काय बदलू?’ हा नसून ‘कुठे आहे?’ हा असावा. त्यासाठी तीन रीती आहेत.

स्कॅनर : अलीकडच्या गाड्यांत कॉम्प्युटर क्रँकचा वेग सतत मोजत असतो. एखादा सिलिंडर पेटला नाही की त्या क्षणी क्रँक किंचित मंदावतो, आणि कॉम्प्युटर त्याची नोंद करतो. पी-०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी-०३०२ दुसरा, याप्रमाणे. पी-०३०० म्हणजे मिसिंग एका ठिकाणी ठरलेले नाही. सिलिंडरची मोजणी साधारणपणे बेल्ट-पुलीच्या बाजूने सुरू होते.

येथे एक मोठा गैरसमज आहे. पी-०३०२ आला की ‘दोन नंबरची कॉइल गेली’ असे सांगितले जाते. कोड फक्त दोषाचा पत्ता सांगतो, गुन्हेगाराचे नाव सांगत नाही. त्या पत्त्यावर प्लग राहतो, कॉइल राहते, इंजेक्टर राहतो आणि व्हॉल्व्हही राहतो. यापैकी कसूर कोणाचा, हे अजून शोधायचे असते.

जोड काढून पाहणे : स्कॅनर नसेल तर इंजिन स्लोवर चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा विजेचा लहान जोड काढावा आणि पुन्हा लावावा. चांगल्या सिलिंडरचा जोड काढला की इंजिन आणखी लंगडते. ज्याचा जोड काढूनही फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. गाडी या वेळी पेट्रोलवर चालत असली पाहिजे. या रीतीत त्या सिलिंडरचे पेट्रोल बंद होते, त्यामुळे कन्व्हर्टरलाही धोका नाही.

जुनी रीत : पॉइंट आणि कार्बोरेटरच्या गाडीत उस्ताद लोक प्लगची वायर काढून पाहत. नव्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत हे करू नये. कॉइलमधून हजारो व्होल्टचा दाब येतो. वाट न मिळाल्यास तो कॉइल फोडतो किंवा माणसाला झटका देतो. सीएनजी गाडीत उघड्यावर ठिणगी उडवून पाहणे तर कधीच करू नये.

दुसरी पायरी : अदलाबदल

दोषी सिलिंडर सापडला की पैसे न लागणारी उत्तम परीक्षा म्हणजे अदलाबदल. समजा दोन नंबरचा सिलिंडर मिस होतो आणि प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे. इंजिन बंद करून, चावी काढून, दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावावी. मग गाडी चालवून पुन्हा पाहावे.

मिसिंग तीनवर गेले तर कॉइल खराब, हे सिद्ध झाले. मिसिंग दोनवरच राहिले तर कॉइल निर्दोष. आता त्याच रीतीने प्लगची अदलाबदल करावी. तरीही दोनवरच राहिले तर इंजेक्टर किंवा दाब पाहावा. मात्र एका वेळी एकच वस्तू बदलावी. कॉइल आणि प्लग दोन्ही एकदम हलवले तर कोणामुळे फरक पडला हे कळत नाही. कापडाचा रंग उतरला तर आपण सूत, रंग आणि धुलाई तिन्ही एकदम बदलत नाही. बदलले तर दोष कोणाचा हे कधीच समजणार नाही.

काही चार सिलिंडरच्या इंजिनांत दोन सिलिंडरांमागे एक कॉइल असते. तेथे १ आणि ४ किंवा २ आणि ३ अशी जोडी एकाच वेळी मिस होत असेल तर त्यांची सामाईक कॉइल आधी पाहावी.

प्लग काय सांगतो?

इंजिन थंड झाल्यावरच प्लग काढावा, कारण गरम हेडमध्ये आटे खराब होण्याची भीती असते. काढण्याआधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ हवेने उडवावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत.

फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक : सर्व ठीक.

कोरडी काळी काजळी : इंधन जास्त, हवा कमी. हवेचा फिल्टर पाहावा. मागांच्या वस्तीत कापसाचे तंतू हवेत उडतात आणि फिल्टरवर थर बसतो. तेथे फिल्टर किलोमीटरवर न ठेवता डोळ्यांनी पाहून लवकर बदलावा.

काळे आणि तेलकट : ऑइल वर येत आहे. रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले असावे.

ओला आणि पेट्रोलचा वास : इंधन येते, पण ठिणगी पडत नाही.

पांढरा, भाजल्यासारखा : इंधन कमी किंवा इंजिन फार तापते.

चिनी मातीवर बारीक चीर किंवा काळी रेघ : ठिणगी टोकाशी न पडता बाजूने पळते. असा प्लग साफ करून उपयोग नाही, बदलावा.

प्लगच्या टोकाचा गाळा जुन्या पॉइंटच्या गाड्यांत साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो, नव्या गाड्यांत सुमारे १ मिलिमीटर. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा आणि फीलर गेजने मोजावा. नवा प्लग आधी हाताने पूर्ण बसवावा. वॉशरचा नवा प्लग असेल तर टेकल्यानंतर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे. जास्त आवळला तर आटे जातात, सैल राहिला तर दाब गळतो.

ठिणगीचे खाते

प्लगच्या खड्ड्यात ऑइल किंवा पाणी साचले आहे का, हे पाहावे. वरच्या झाकणाचे गॅस्केट गळाले की ऑइल खड्ड्यात उतरते, कॉइलचे रबर फुगते आणि ठिणगी बाजूला फुटते. अशा वेळी नुसती कॉइल बदलली तर काही महिन्यांत नवी कॉइलही जाते. गॅस्केट आधी, कॉइल नंतर.

वायरीच्या गाडीत रात्री अंधारात इंजिन चालू करून झाकण किंवा सीट उचलून लांबूनच पाहावे. ओम्नी आणि ईकोचे इंजिन पुढच्या सीटखालीच आहे. फाटलेल्या वायरीतून निळसर ठिणगी अंगावर उडताना दिसते. मीटरने प्रत्येक वायरीचा रोध मोजून लांबीच्या मानाने तुलना करावी. एखादी बाकीच्यांपेक्षा फारच वेगळी असेल तर ती बाद. पावसाळ्यात वायरींच्या टोप्या आणि डिस्ट्रिब्युटरचे झाकण कोरड्या सुती कापडाने पुसणे हाच कधी कधी पूर्ण इलाज ठरतो. झाकणाच्या आत कोळशासारखी रेघ दिसली तर मात्र झाकण बदलावे. जुन्या पॉइंटच्या गाडीत पॉइंट जळले आहेत का आणि कंडेन्सर ठीक आहे का, हेही पाहावे. बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनाची अर्थ वायर घट्ट व स्वच्छ असावी. तीच सैल असेल तर सर्व सिलिंडर आलटून पालटून मिस होतात.

इंधनाचे खाते

सीएनजी गाडीच्या मालकाकडे एक फुकटची कसोटी आहे. मिसिंग चालू असताना बटण पेट्रोलवर टाकावे. दोन्ही इंधनांवर सारखेच मिसिंग असेल तर दोष सामाईक आहे, म्हणजे प्लग, कॉइल, हवेची गळती किंवा दाब. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलचा इंजेक्टर, फिल्टर किंवा पंप पाहावा. फक्त सीएनजीवर असेल तर गॅसचा फिल्टर, रेड्युसर आणि गॅस इंजेक्टर यांवर संशय जातो. पण आधी प्लग पाहून घ्यावा, कारण सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते, आणि झिजलेला प्लग पहिल्यांदा गॅसवरच हार मानतो. गॅसच्या नळ्या व जोड मात्र स्वतः उघडू नयेत. ते काम अधिकृत सीएनजी कारागिराचेच.

सीएनजीवाले बंधू पेट्रोलच्या टाकीकडे लक्ष देत नाहीत. थोडेसे पेट्रोल महिनोन् महिने टाकीत पडून राहते. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि पाणी जास्त झाले की ते दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. पंप तळातूनच ओढतो. म्हणून टाकीत ताजे पेट्रोल ठेवावे आणि रोज काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्याही तपासत राहाव्यात.

कार्बोरेटरच्या गाडीत स्लोवर मिसिंग असेल तर स्लोच्या जेटमध्ये कचरा, आणि वेगात मिसिंग असेल तर मुख्य जेट किंवा पेट्रोल फिल्टर, असा सर्वसाधारण नियम आहे.

हवा आणि दाबाचे खाते

इंजिनाला जाणारी हवा मोजून आत घेतली जाते. फाटलेल्या नळीतून न मोजलेली हवा शिरली तर मिश्रण पातळ होते. इंजिन स्लोवर असताना ‘सूंऽऽ’ असा आवाज ऐकू येतो का, हे पाहावे. संशय असलेल्या नळीवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज किंवा इंजिनाची चाल बदलली तर गळती तेथेच. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा ज्वालाग्राही द्रव मारू नये.

ठिणगी ठीक, इंधन ठीक, तरी सिलिंडर बंद, मग दाब मोजावा. इंजिन गरम करून, सर्व प्लग काढून, इंधन आणि इग्निशन तोडून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा. चांगल्या पेट्रोल इंजिनात दाब साधारण दर चौरस सेंटिमीटरला १० ते १४ किलोच्या घरात असतो. नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो. पण सिलिंडरांमधला फरक जास्त महत्त्वाचा आहे. तो सुमारे १ किलोपेक्षा अधिक नसावा.

कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंग झिजल्या. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्यामधले गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. इंजिन उघडण्याआधी टॅपेटचा गाळा जरूर मोजावा. सीएनजीवर व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते, त्यामुळे गाळा कमी होत जातो. शेवटी गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि दाब गळतो. वेळीच गाळा बसवला तर काही तासांचे काम. उशीर केला तर व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उतरवावे लागते.

एक उदाहरण

समजा, चार सिलिंडरची सीएनजी व्हॅन आहे. चढावर झटके बसतात, कोड पी-०३०३. पहिल्या रीतीने काम करणारा चार प्लग आणि चार कॉइल नव्या टाकतो. गाडी सुधारते आणि सर्व खूश होतात. चार महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार येते.

दुसऱ्या रीतीने काम करणारा आधी बटण बदलून पाहतो. पेट्रोलवर मिसिंग कमी होते, पण पूर्ण जात नाही. म्हणजे ठिणगीवर संशय. तो तीनची कॉइल एकवर नेतो, आणि मिसिंग एकवर जाते. कॉइल खराब हे ठरले. पण तो तेथे थांबत नाही. कॉइल का गेली, हे विचारतो. खड्ड्यात बॅटरी मारून पाहतो तर तळाला ऑइल. एक गॅस्केट, एक कॉइल आणि एक प्लग एवढ्यात काम संपते, आणि पुन्हा उद्भवत नाही. पहिल्याने पार्ट जास्त विकले, दुसऱ्याने गाडी दुरुस्त केली.

शोधण्याची मजुरी

आता दोन शब्द व्यवहाराचे. आपण पार्टचे बिल निमूटपणे देतो, पण उस्तादाने दीड तास घालवून ‘फक्त एक जोड सैल होता’ असे सांगितले की म्हणतो, ‘एवढ्याचे कसले पैसे?’ याचा परिणाम असा होतो की उस्ताद शोधणे सोडून देतो आणि पार्ट बदलू लागतो, कारण त्याला मेहनताना पार्टमधूनच मिळतो. आपल्या धंद्यात कापड तपासणाऱ्याला आपण पगार देतो. त्याने दोष पकडला म्हणूनच नुकसान वाचते. गॅरेजमध्ये तोच हिशेब लावावा. तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी आणि दोष लहान निघाला तरी ती खुशीने द्यावी.

कारागीर बंधूंनीही काही गोष्टी पाळाव्यात. कोणती परीक्षा केली आणि काय निघाले, हे बिलावर दोन ओळींत लिहावे. काढलेला जुना पार्ट मालकाच्या हाती द्यावा. चांगला निघालेला पार्ट परत जागेवर बसवावा. तजुर्बा मोठी गोष्ट आहे, पण तजुर्ब्याने संशय कोठे घ्यावा हे कळते. खात्री परीक्षेनेच होते. शागिर्दांनाही पहिल्या दिवसापासून हेच शिकवावे. आज स्कॅनर स्वस्त झाला आहे, कोड कोणीही वाचू शकतो. ज्याला कोडनंतरचे काम येते, त्याच्याच दारात गाड्या उभ्या राहतील.

थोडक्यात क्रम असा. मिसिंग केव्हा होते ते लिहावे. दिवा उघडझाप करत असेल तर गाडी थांबवावी. सिलिंडर शोधावा. बटण बदलून आणि अदलाबदल करून ठिणगी, इंधन व दाब यांपैकी खाते ठरवावे. आधी फुकटची तपासणी, मग स्वस्त पार्ट, इंजिन उघडणे सर्वांत शेवटी. पार्ट खराब निघाला तर तो का खराब झाला, हे विचारल्याशिवाय नवा बसवू नये.